चित्रपटांतील हिंसादृश्यांचे परिनिरीक्षण

मारहाण, खून, छळ यांची दृश्ये प्रदर्शनापूर्वी तपासून ती कापणे, सौम्य करायला लावणे किंवा प्रेक्षकांच्या वयानुसार चित्रपटाला प्रमाणपत्र देणे. भारतात हे काम १९५२ च्या चलच्चित्र अधिनियमानुसार केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ, म्हणजेच सेन्सॉर बोर्ड, करते. त्याचे मुख्यालय मुंबईत आहे.

अधिनियमात प्रमाणपत्र नाकारण्याची जी कारणे दिली आहेत, त्यांत हिंसेचा स्वतंत्र उल्लेख नाही. सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, गुन्ह्याला चिथावणी यांखाली ती तपासली जाते. १९९१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मात्र ती नावानिशी येते. हिंसेचे उदात्तीकरण नको, निरर्थक किंवा टाळता येण्याजोगी क्रूर दृश्ये नकोत, असे ती सांगतात. एखादे दृश्य टाळता आले असते की नाही, हे दिग्दर्शकाऐवजी मंडळाच्या समितीने ठरवायचे, इथे वादाला तोंड फुटते.

‘शोले’च्या (१९७५) मूळ शेवटात हात गमावलेला ठाकूर खिळे ठोकलेल्या बुटांनी गब्बरला ठार करतो. आणीबाणी चालू होती. मंडळाला हा शेवट चालला नाही. पोलीस ऐन वेळी येऊन ठाकुराला थांबवतात, असा नवा शेवट चित्रित करावा लागला. ठाकुराच्या घरातले हत्याकांड, त्यातल्या लहान मुलासकट, चित्रपटात राहिले. खटकले ते माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेणे. याच चित्रपटात सचिन पिळगावकर यांनी साकारलेल्या अहमदची हत्या दिसतच नाही: गब्बर हातावरचा किडा चिरडतो आणि मग घोडा अहमदचे प्रेत घेऊन गावात शिरतो. न दाखवलेली हिंसा अशी अंगावर येऊ शकते, पण म्हणून ती रीत कोणावर लादणे योग्य ठरत नाही.

फुलनदेवीवरील ‘बँडिट क्वीन’बाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दृश्य सुटे न पाहता संपूर्ण चित्रपटाच्या संदर्भात पाहिले. तिची विटंबना दाखवल्याशिवाय तिचा सूड समजणार नाही, हे न्यायालयाने मानले आणि ‘ए’ (फक्त प्रौढांसाठी) प्रमाणपत्र कायम ठेवले. कात्रीपेक्षा ही वाट निश्चितच रास्त आहे. मारलेल्याची वेदना कापली की मार तेवढा उरतो, आणि तो बघायला सोपा होतो.

२०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’ (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायचे चित्रपट) वर्गाचे ७, १३ आणि १६ वर्षे असे टप्पे पाडले. ओटीटीवरील मालिका मंडळाकडे जात नाहीत. २०२१ च्या नियमांनुसार कंपन्या स्वतःच वयोगट ठरवतात आणि १३ वर्षांपुढील वर्गांसाठी पालकांना तो कार्यक्रम कुलूपबंद करता येईल अशी सोय देणे त्यांना बंधनकारक आहे.