कुत्र्याची फी किती?

घरात कुत्रं-मांजर असलं की मन ताळ्यावर राहतं, हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही. डॉक्टर सांगतात, रविवारच्या पुरवण्या सांगतात, आणि कुत्र्यांचं खाणं विकणाऱ्या कंपन्या तर अगदी आवर्जून सांगतात. हे उपचार म्हणून करून पाहायची सुरुवात मात्र सव्वादोनशे वर्षांपूर्वी झाली, तीही वेड्यांच्या इस्पितळात.

१७९० साली इंग्लंडमधल्या यॉर्कच्या इस्पितळात हॅना मिल्स नावाची क्वेकर या ख्रिस्ती पंथाची बाई दाखल झाली आणि काही आठवड्यांतच गेली. पंथातल्या माणसांना तिला भेटूही दिलं नव्हतं. त्या काळात साखळदंड आणि मार हाच वेडावरचा इलाज. त्याच पंथाच्या विल्यम ट्यूक या चहाच्या व्यापाऱ्याने मग आपल्या लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि १७९६ मध्ये ‘रिट्रीट’ ही संस्था उघडली. तिथे साखळदंडांना मज्जाव होता. अंगणांत ससे, कोंबड्या, सीगल पक्षी, चक्क ससाणेही पाळलेले होते. ट्यूकचा नातू सॅम्युएल याने १८१३ मध्ये लिहिलंय, की हे प्राणी रुग्णांच्या चांगले सवयीचे झालेले असतात. त्यांच्यामुळे निर्मळ विरंगुळा मिळतो, शिवाय माणसात मिसळण्याची आणि दुसऱ्याबद्दलच्या मायेची भावना कधीकधी जागी होते. मला यातला शेवटचा भाग महत्त्वाचा वाटतो. ससा रुग्णाला काय देतो यापेक्षा सशापायी रुग्णाच्या आत काय हलतं, याकडे ट्यूक मंडळींचं लक्ष होतं.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलनेही हेच हेरलं. शुश्रूषेवरच्या तिच्या प्रसिद्ध पुस्तकात (१८५९) ती म्हणते, की दीर्घकाळ आजारी असलेल्याला लहानशा प्राण्याची सोबत फार चांगली. वर्षानुवर्षं एकाच खोलीत पडून असलेल्याला कधीकधी पिंजऱ्यातल्या पक्ष्याएवढाच आनंद उरलेला असतो. आणि त्या पक्ष्याला दाणा घालणं, पिंजरा साफ करणं रुग्णाला स्वतःला जमत असेल, तर त्याला ते करू द्यावं. बाईंना अनुभव होता. १८५० मध्ये अथेन्समध्ये पोरांच्या तावडीतून सोडवलेलं घुबडाचं पिल्लू त्या खिशात घालून हिंडत असत.

पुढे मनोरुग्णालयं अवाढव्य झाली, जंतूंची धास्ती वाढली आणि प्राणी बाहेर गेले. अधूनमधून अपवाद दिसतात. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी न्यूयॉर्क राज्यातल्या पॉलिंगमध्ये लष्कराच्या आरोग्यधामात बऱ्या होणाऱ्या वैमानिकांना गुराढोरांची, कोंबड्यांची कामं दिली जात. पण तेवढंच.

विषय पुन्हा ऐरणीवर आणला तो जिंगल्सने. न्यूयॉर्कमधले बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांचा हा कुत्रा. बरेच उपचार करून थकलेले एक आई-बाप मुलाला घेऊन ठरल्या वेळेच्या आधीच येऊन धडकले. मुलगा कुणाशी बोलत नव्हता, मिसळत नव्हता. जिंगल्स तेव्हा खोलीतच होता. तो सरळ मुलाकडे गेला आणि त्याला चाटू लागला. मुलगा घाबरला नाही, उलट त्याने कुत्र्याला जवळ घेतलं. निघताना त्याने विचारलं, इथे येणाऱ्या सगळ्या मुलांना या कुत्र्याशी खेळायला मिळतं का? पुढच्या काही भेटी त्याच्या जिंगल्सशीच झाल्या. लेव्हिन्सन बाजूला बसून राहिले आणि हळूहळू खेळात शिरले. १९६१ मध्ये त्यांनी अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात हे मांडलं तेव्हा सभागृहात खसखस पिकली. कुणीतरी विचारलं म्हणे, ‘फीमधला किती हिस्सा कुत्र्याला देता?’ पुढच्याच वर्षी त्यांचा निबंध छापून आला. त्यात कुत्र्याला त्यांनी थेट सहउपचारक म्हटलं होतं. खुद्द फ्रॉइडही त्याच्या जोफी नावाच्या चाऊ जातीच्या कुत्रीला रुग्णांशी बोलायच्या खोलीत बसवून घेत असे, हे लोकांच्या ध्यानात आल्यावर हसणारे जरा वरमले. थोरामोठ्यांचा दाखला मिळाला की शास्त्रज्ञांनाही धीर येतो.

१९७५च्या सुमारास ओहायोतल्या लिमा इथे जे घडलं, त्यात तर उपचारक कुणी नव्हताच. हे गुन्हेगार मनोरुग्णांचं बंदिस्त रुग्णालय. एका वॉर्डातल्या माणसांना आवारात जखमी चिमणी सापडली. एरवी एकमेकांशी न बोलणाऱ्या त्या माणसांनी ती झाडू ठेवायच्या कपाटात लपवली आणि पाळ्या लावून किडे पकडून तिला भरवू लागले. डेव्हिड ली या समाजसेवकाने हे पाहिलं आणि वरिष्ठांना सांगून त्या वॉर्डात रीतसर प्राणी आणले. वर्षभर दुसऱ्या एका वॉर्डाशी तुलना केली, तेव्हा प्राणी असलेल्या वॉर्डात औषधं निम्मीच लागत होती आणि मारामाऱ्याही घटल्या होत्या.

१९८० मध्ये संशोधक एरिका फ्रीडमन यांच्या अभ्यासाने गाडी मनाकडून हृदयाकडे वळवली. हृदयविकारामुळे दाखल झालेले ९२ रुग्ण वर्षभर पाहिले. प्राणी पाळणाऱ्या ५३ जणांपैकी ३ दगावले, न पाळणाऱ्या ३९ पैकी ११. कुत्रेवाल्यांना फिरावं लागतं म्हणून हा फायदा, असं म्हणावं तर कुत्रेवाले वगळूनही फरक दिसला. वर्तमानपत्रांना आयतं खाद्य मिळालं. २०१५ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं, की कुत्रा आणि मालक एकमेकांकडे एकटक पाहत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे माया-जवळिकीशी जोडलेलं संप्रेरक वाढतं. तेव्हापासून जो तो त्याचं नाव घेतो. मात्र २०१० मध्ये ऑस्ट्रेलियात ४२४ हृदयरुग्णांच्या पाहणीत उलटं चित्र दिसलं होतं. पाळीव प्राणी असलेल्यांचीच प्रकृती जास्त बिघडली, त्यातही मांजरवाल्यांची. हा अभ्यास पुरवण्यांत फारसा दिसत नाही.

आपल्याकडे खंडोबाजवळ कुत्रा आहे, दत्ताच्या पायाशी चार आहेत, पण घरातल्या कुत्र्याची जागा पडवीत आणि मांजराची चुलीपाशी. एक राखणीला, दुसरी उंदरांसाठी. मालकाच्या मनासाठी प्राणी पाळणं हे फ्लॅट, एकटेपणा आणि पगार यांच्याबरोबर आलं, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची भांडणंही. पाळीव कुत्र्याला लिफ्टमध्ये मनाई करता येत नाही, असं भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ मध्येच कळवलंय. ते परिपत्रक नोटीस बोर्डावर लागत नाही, एवढंच.

मुलगा नोकरीसाठी पुण्याहून अमेरिकेला जातो आणि त्याचा लॅब्रेडॉर मागे आई-वडिलांकडे राहतो, हे आता नवलाचं नाही. सुरुवातीला कुरकुरणारे वडील मग सकाळी साडेसहाला पट्टा हातात घेऊन खाली उतरतात आणि पंधरवड्यात ‘ब्रूनोचे आजोबा’ होतात. इंग्लंडमधल्या मॅकनिकलस आणि कॉलिस या संशोधकांनी २००० मध्ये हेच तपासलं होतं. कुत्रा सोबत असला की अनोळखी माणसं कितीतरी जास्त बोलायला येतात, कुत्रेवाल्याचे कपडे मळके असले तरीही. हाच ब्रूनो आजोबांना अडकवूनही ठेवतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललं जातं, कारण पट्टा दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा हे ठरत नाही.