मेलोट्रॉन की स्ट्रिंग मशिन? मागचे ‘व्हायोलिन’ कानाने ओळखताना

सत्तरच्या दशकातला प्रोग्रेसिव्ह रॉकचा अल्बम लावला, मागून व्हायोलिनांचा धुकट थर सरकत आला, की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘आहाहा, मेलोट्रॉन!’ बऱ्याचदा ते मेलोट्रॉन नसतंच. ती असते स्ट्रिंग मशिन. दोन्ही वाद्यं कीबोर्डवरची, दोन्ही तारवाद्यांचा भास देणारी, आणि 1974 नंतरच्या अल्बममध्ये कुठलंही असू शकतं. आतली यंत्रणा मात्र इतकी वेगळी आहे की ती एकदा कळली की गोंधळ फारसा उरत नाही.

मेलोट्रॉनमध्ये आवाज तयार होत नाही, तो वाजवला जातो. प्रत्येक पट्टीखाली सुमारे साडेनऊ मिलिमीटर रुंदीच्या टेपचा एक तुकडा असतो आणि त्यावर त्याच सुरात खरी वाद्यं रेकॉर्ड केलेली असतात. प्रसिद्ध व्हायोलिनचा आवाज म्हणजे तीन वादकांनी एकत्र वाजवलेला एकेक सूर. पट्टी दाबली की एक छोटा रोलर टेपला फिरत्या दांड्यावर दाबतो (याला कॅपस्टन म्हणतात, आणि सगळ्या पट्ट्यांना मिळून तो एकच असतो) आणि फेल्टची गादी टेपला हेडवर (टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर) टेकवते. टेप पुढे सरकते, सुमारे आठ सेकंदांत संपते. टेपची दोन टोकं जोडलेली नसतात, त्यामुळे संपली की शांतता. पट्टी सोडली की स्प्रिंग टेपला झटकन मागे ओढते. 1970 मध्ये आलेल्या एम 400 मॉडेलला अशा 35 पट्ट्या आहेत, आणि टेपवर शेजारी शेजारी तीन ट्रॅक. निवडीची कळ दोन ट्रॅकच्या मधोमध ठेवली तर दोन्ही आवाज मिसळून येतात. ही सोय आहे की यंत्राचा ढिलेपणा, ते ज्याने त्याने ठरवावं. वादकांनी तिचा फायदा मात्र भरपूर घेतला.

स्ट्रिंग मशिनमध्ये टेप नाही, रेकॉर्डिंगही नाही. तिचं कूळ इलेक्ट्रॉनिक ऑर्गनचं. सर्वांत वरच्या सप्तकाचे बारा सूर आधी तयार होतात. काही यंत्रांत बारा वेगळ्या ऑसिलेटरमधून (म्हणजे सूर निर्माण करणाऱ्या सर्किटांतून), काहींत एकाच मुख्य ऑसिलेटरवरून. मग प्रत्येक सुराची कंप्रता दोनाने भागत भागत खालची सप्तकं मिळतात. म्हणून सगळ्या पट्ट्या एकदम दाबल्या तरी सगळ्या वाजतात, आणि बोट ठेवलंय तोवर वाजत राहतात. एवढ्यावर थांबलं तर आवाज बारीक आणि चिरका येतो, पेटीसारखा सुद्धा नाही. खरी करामत पुढे आहे. हा सूर तीन विलंब-सर्किटांतून एकाच वेळी जातो आणि प्रत्येकाचा विलंब दोन लहरींनी सतत कमी-जास्त होत राहतो, एक संथ आणि एक जलद. तिघांची लय एकमेकांपासून एक तृतीयांश आवर्तनाने सरकवलेली असते. त्यातून जो हेलकावा येतो, त्यालाच आपण ‘स्ट्रिंग्ज’ समजतो. नेदरलँड्समधल्या एमिनंट कंपनीने हे तंत्र आपल्या 310 या घरगुती ऑर्गनमध्ये बसवलं, आणि पुढे त्याच घराण्यातली सोलिना स्ट्रिंग एन्सेम्बल एआरपी या अमेरिकन सिंथेसायझर कंपनीच्या नावानेही विकली गेली.

आता कानाची गोष्ट. बहुतेक जण आठ सेकंदांची कसोटी सांगतात: स्वर त्याहून लांबला तर मेलोट्रॉन नाही. एका सुरापुरतं हे खरं आहे, पण एकट्या या कसोटीवर विसंबू नका. मुरलेला वादक कॉर्ड (एकदम धरलेले अनेक सूर) संपायच्या आत एकेक बोट बदलत जातो. टेप संपत आलेल्या पट्टीवरून बोट काढून तोच सूर दुसऱ्या सप्तकात धरतो, आणि कॉर्ड अर्धा मिनिट चालल्याचा भास होतो. 1972 च्या ‘फॉक्सट्रॉट’ अल्बमवरच्या ‘वॉचर ऑफ द स्काईज’ची सुरुवात या दृष्टीने ऐका. जेनेसिसच्या टोनी बँक्सने ती मेलोट्रॉनवर वाजवली आहे. कॉर्ड किती वेळ चालली ते मोजू नका. आतला एखादा सूर कुठे तुटतो आणि कुठे नव्याने सुरू होतो, तिकडे कान लावा.

जास्त भरवशाची खूण म्हणजे थरथर. मेलोट्रॉनची थरथर अनियमित असते. प्रत्येक टेपवर वादकाचा स्वतःचा व्हायब्रेटो आहे, त्यावर टेप सरकण्याचा हलका डगमग, आणि वर कॅपस्टनच्या वेगातला फरक. जुन्या एम 400 मध्ये एकदम सहा-सात पट्ट्या दाबल्या की मोटरवर ताण येतो आणि अख्खी कॉर्ड किंचित खाली बसते. हा दोष आता लोक प्रेमाने शोधतात. स्ट्रिंग मशिनची थरथर मात्र घड्याळासारखी. डोळे मिटून ऐकलं तर संथ लाट बोटांवर मोजता येते, आणि ती सगळ्या सुरांना सारखीच लागू असते.

तिसरी खूण सप्तकांची. एकच सूर दोन सप्तकांत वाजवला तर स्ट्रिंग मशिनवर दोन्ही एकमेकांत विरघळतात, कारण खालचा सूर वरच्याला भागूनच आलेला असतो. त्यांच्यात तसूभरही फरक पडू शकत नाही. मेलोट्रॉनवर ते दोन वेगळ्या रेकॉर्डिंगचे असतात, म्हणून नेहमी किंचित घासतात.

सुरुवात आणि शेवटही बोलतात. मेलोट्रॉनच्या प्रत्येक सुराच्या सुरुवातीला गजाची खरखर असते, तीही पट्टीगणिक वेगळी. पट्टी अर्धवट दाबली तर रोलर घसरतो आणि सूर दबका, वाकडा येतो. बोट उचललं की आवाज तिथेच कापला जातो. मागे राहते ती रिव्हर्बची, म्हणजे घुमण्याची, शेपूट. स्ट्रिंग मशिनवर सूर किती हळू चढावा आणि बोट काढल्यावर किती रेंगाळावा, यासाठी स्लायडर असतात. आणि मानवी कोरस ऐकू आला, तर सोलिना बाद. तिच्याकडे व्हायोलिन, व्हिओला, चेलो, कॉन्ट्राबास, ट्रम्पेट आणि हॉर्न, एवढंच. कोरसची टेप मेलोट्रॉनकडे होती.

एकाच वादकाने दोन्ही वाजवलेलं ऐकायचं असेल तर पिंक फ्लॉइडचा रिचर्ड राइट सोपा पडतो. 1969 च्या ‘उम्मागुम्मा’वरच्या ‘सिसिफस’मध्ये मेलोट्रॉन, आणि 1975 च्या ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’च्या सुरुवातीला सोलिना. त्या सुरुवातीत कॉर्ड निवांत धरून ठेवलेली आहे. बोटं बदलायची घाई कुठेच नाही. झाँ-मिशेल जारच्या 1976 च्या ‘ऑक्सिजेन’मधला घोटीव, फिरता थर एमिनंट 310 चा आहे, वर फेजर (आवाजाला फिरता हेलकावा देणारं उपकरण) लावलेला. त्यामुळे तिथे आवर्तनं आणखी ठळक जाणवतात.

एक सापळा मात्र आहे: खरा ऑर्केस्ट्रा. मूडी ब्लूजच्या 1967 च्या ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ड’वर ऑर्केस्ट्राही आहे आणि माइक पिंडरचं मेलोट्रॉनही. ‘नाइट्स इन व्हाइट सॅटिन’मध्ये गाण्याच्या पाठीमागचं तारवाद्य मेलोट्रॉनचं आहे, ऑर्केस्ट्रा गाण्यांच्या मधल्या जागांमध्ये येतो. अल्बमच्या पाठीवर नुसतं ‘कीबोर्ड्स’ लिहिलेलं असलं की असे वाद वर्षानुवर्षं चालतात.

यंत्रं बिघडतातही आपापल्या स्वभावाने. एम 400 मध्ये प्रत्येक पट्टीला दोन स्क्रू असतात, एक रोलरचा, दुसरा गादीचा. रोलर सैल पडला तर सूर घसरतो. फार आवळला तर पट्टी जड होते आणि मोटर दमते. गादी सैल असली तर वरचा कणखरपणा जातो, आवाज गोधडीखालून आल्यासारखा. जास्त दाबली तर टेप अडखळते. म्हणून एका वेळी एकच स्क्रू, तोही अगदी थोडासा फिरवायचा, आणि मग सूर पूर्ण आठ सेकंद ऐकायचा. सगळ्याच पट्ट्यांचा आवाज एकदम दबका झाला असेल तर स्क्रूला हात लावू नका, आधी हेड पुसा.

स्ट्रिंग मशिनमध्ये बिघाडाचा नकाशा पट्ट्यांवरच दिसतो. एकच पट्टी मुकी असेल तर तिचा संपर्क मळलेला. तोच सूर सगळ्या सप्तकांत गायब असेल तर वरचा ऑसिलेटर गेलेला. वरच्या सप्तकात ठीक आणि एका ठिकाणापासून खाली सगळीकडे गायब, तर तिथला भागाकार करणारा टप्पा तुटला, कारण खालचा प्रत्येक टप्पा वरच्यावरच चालतो. आणि सगळे सूर वाजतात, पण हेलकावा नाही, नुसता चिरका ऑर्गन उरलाय? मग विलंब-सर्किट तपासा.