विलोपन म्हणजे विसरणं नव्हे

रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ पाव्हलॉव्हच्या कुत्र्याला मेट्रोनोमची (ठरावीक लयीत टिकटिकणाऱ्या यंत्राची) टिकटिक ऐकू येते आणि पाठोपाठ अन्न मिळतं. असं बऱ्याचदा झालं की पुढे नुसत्या टिकटिकीनेच त्याच्या तोंडाला पाणी सुटतं. आता अन्न बंद करून टिकटिक तेवढी चालू ठेवली, तर लाळ कमी कमी होत थांबते. हे विलोपन. ‘कुत्रा विसरला’ असं याचं स्पष्टीकरण सर्रास दिलं जातं, आणि अभिजात अभिसंधानातला (म्हणजे अशा जोडीतून होणाऱ्या शिकण्यातला) सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा नेमका तिथेच हातचा जातो.

विसरायला फक्त काळ जावा लागतो. विलोपनाला तेवढं पुरत नाही. टिकटिक व्हावी लागते, अन्न न यावं लागतं आणि हे पुन्हा पुन्हा घडावं लागतं. म्हणजे कुत्रा इथे काही गमावत नाही, उलट नवीन शिकतो: या आवाजामागून आता अन्न येत नाही. जुना धडा जागच्या जागी असतो, नवा त्याला दाबून धरतो.

कशावरून? लाळ थांबल्यावर कुत्र्याला थोडी विश्रांती द्या आणि पुन्हा टिकटिक ऐकवा. लाळ परत येते. पहिल्याइतकी नाही, पण येते, आणि मधल्या वेळात टिकटिकीबरोबर अन्न एकदाही मिळालेलं नसतं. ही उत्स्फूर्त पुनःप्राप्ती. मला मात्र पाव्हलॉव्हचं दुसरं निरीक्षण जास्त बोलकं वाटतं. विलोपन चालू असताना अचानक एखादा अनोळखी आवाज झाला, तर आटलेली लाळ पुन्हा सुटू शकते. धडा पुसलाच गेला असता, तर ती आली कुठून? म्हणूनच पाव्हलॉव्ह विलोपनाला अवरोध, म्हणजे प्रतिक्रिया दाबून धरणं, मानत असे.

हा फरक भीतीच्या बाबतीत फार मोलाचा ठरतो. कुत्रा चावल्यावर बसलेली धास्ती ‘काही वर्षांत जाईल आपोआप’ म्हणून माणूस कुत्र्यांपासून लांब राहतो. पण अशा प्रतिक्रिया नुसत्या काळाने सहसा फारशा झिजत नाहीत, आणि लांब राहिल्यामुळे ‘कुत्रा दिसला, तरी चावला नाही’ हा नवा अनुभवच मिळत नाही. भीती टिकते ती त्यामुळे. मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्सने 1924 मध्ये सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. तो आवडीचं खात असताना ससा हळूहळू जवळ आणला जाई. (हे निव्वळ विलोपन नव्हे, इथे भीतीच्या जागी सुखद अनुभवाची जोडही होती.)

विलोपनाचा धडा जिथे शिकला, त्या जागेशी बराच बांधलेला असतो. तेव्हा उपचाराच्या खोलीत ओसरलेली भीती रस्त्यावर पुन्हा उसळली, तर उपचार वाया गेले असं धरू नये. तोच सराव रस्त्यावर, बागेत, वेगवेगळ्या कुत्र्यांसमोर करावा लागतो.