तुरुंगातल्या माणसाला पैसे पाठवायचे असतील तर

घरातील माणूस तुरुंगात गेला की ‘आत पैसे पोहोचवायचे तर एखाद्या शिपायाचा हात ओला करावा लागतो’ असे कोणीतरी हमखास सांगते आणि घाबरलेले कुटुंब त्यावर विश्वासही ठेवते. हा समज चुकीचा आहे. महाराष्ट्रातील कारागृहांत बंद्याला मनीऑर्डरने रीतसर पैसे पाठवता येतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये अभिनेता शाहरुख खान यांचे पुत्र आर्यन खान आर्थर रोड, म्हणजेच मुंबई मध्यवर्ती कारागृहात असताना त्यांना घरून मनीऑर्डरनेच ४,५०० रुपये आले होते. महिन्याला त्याहून अधिक रक्कम स्वीकारण्याची तेव्हा मुभा नव्हती. (नामवंतांच्या घरालाही पोस्टाचीच वाट धरावी लागली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.)

मात्र ही रक्कम बंद्याच्या हातात रोख पडत नाही. ती कारागृह कार्यालयात त्याच्या नावे जमा होते आणि तिच्यातून तो आतील कॅन्टीनमधून साबण, टूथपेस्ट, बिस्किटे अशा वस्तू घेऊ शकतो. रोख बाळगणे निषिद्ध असल्याने, चोरून आत दिलेली नोट झडतीत सापडली तर भोगावे लागते ते बंद्यालाच. मनीऑर्डरवर बंद्याचे पूर्ण नाव आणि बंदी क्रमांक अचूक लिहावा, कारण एकाच नावाचे अनेक बंदी असू शकतात. मर्यादा वेळोवेळी बदलते, म्हणून ती आधी कारागृह कार्यालयातच विचारावी.