चर्चने काढलेलं कॉलेज आणि ख्रिस्ती कॉलेज

अमेरिकेतलं एखादं लिबरल आर्ट्स कॉलेज, म्हणजे एका व्यवसायापुरतं नव्हे तर साहित्यापासून विज्ञानापर्यंत व्यापक शिक्षण देणारं कॉलेज, चर्चने काढलं असलं की ते ख्रिस्तीच, असं सर्रास लिहिलं जातं. ओहायोतलं ओबरलिन कॉलेज १८३३ मध्ये प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या मंडळींनी काढलं, चार्ल्स फिनींसारखा गाजलेला सुवार्तिक (ख्रिस्ती धर्मप्रचारक) पुढे त्याचा अध्यक्ष झाला. आज ते सेक्युलर आहे. कॉलेज कुणी काढलं यावरून त्याचा इतिहास कळतो, आज तिथे काय चालतं ते नाही.

शिकागोचं मूडी बायबल इन्स्टिट्यूटही यात ओढू नये. तिथे मुख्यतः ख्रिस्ती सेवेची तयारी होते, तो हेतूच निराळा.

नियमांवरून ख्रिस्तीपण मोजणाऱ्यांचा तर मला मनापासून राग येतो. इलिनॉयमधल्या व्हीटन कॉलेजने २००३ मध्ये नाचावरची बंदी उठवली, म्हणून ते तसूभरही कमी ख्रिस्ती झालं नाही.

खरी मेख आहे ती वर्गात. चर्चशी नुसतं नातं असलेल्या कॉलेजात श्रद्धेची जागा ठरलेली असते: चॅपल (प्रार्थनागृह), चॅप्लिन (कॉलेजचा धर्मगुरू), फार तर धर्मशास्त्राचा एखादा विभाग. बाकीचे विषय इतर कुठल्याही कॉलेजात शिकवतात तसेच शिकवले जातात. ख्रिस्ती कॉलेजात श्रद्धा थेट विषयात उतरते. म्हणजे तासाआधी प्रार्थना म्हणायची आणि मग नेहमीचं पाठ्यपुस्तक उघडायचं, असं नव्हे. हा प्रकार तर सगळ्यात फसवा. अर्थशास्त्राचा तास घ्या. विषय व्याजाचा. भांडवलाची किंमत, जोखीम, महागाई हे सगळं नीट शिकवायचंच. पण बायबलच्या जुन्या करारात गरिबाकडून व्याज घ्यायला मनाई का होती, दर पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ घराण्याकडे परत का जायची, आणि सोळाव्या शतकातला धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन याने मर्यादा घालून व्याजाला मोकळीक का दिली, हे प्रश्नही त्याच तासाला, तितक्याच कसोशीने सोडवायचे. परीक्षेतही ते विचारायचे.

हे पाहुण्या चॅप्लिनकडून होत नाही. त्यासाठी प्राध्यापकच विषयात मुरलेला आणि श्रद्धावान हवा. म्हणून माझ्या मते सगळं नेमणुकीवर ठरतं. मिशिगनमधलं कॅल्व्हिन विद्यापीठ पाहा: तिथे विद्यार्थी ख्रिस्ती असलाच पाहिजे अशी अट नाही, प्राध्यापकांकडून मात्र श्रद्धेची बांधिलकी मागितली जाते. मला हीच रचना पटते. यात एखादा नास्तिक पण अव्वल भौतिकशास्त्रज्ञ हातचा जातो. ही किंमत मोठी आहे, तरी ती मोजावी.

आणि डार्विन, मार्क्स, नीत्शे मुळातून वाचू न देणारं कॉलेज ख्रिस्ती असेलही, पण लिबरल आर्ट्सचं नाही.

तेव्हा कॉलेज पारखताना चॅपलचे फोटो बाजूला ठेवा आणि रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाच्या जागेची जाहिरात वाचा. आपली श्रद्धा आणि आपला विषय यांचा मेळ कसा घालता, हे अर्जदाराला लिहून द्यायला सांगितलंय का, ते बघा.