पोर्टफोलिओची तुलना नेमकी कशाशी?

‘माझा पोर्टफोलिओ सेन्सेक्सच्या पुढे आहे’ असे कोणी म्हणाले की आधी विचारावे: लाभांश धरून की न धरता?

शेअर निर्देशांक मुळात कोणाची कामगिरी जोखायला निघालेच नव्हते. १८९६ मध्ये डाऊ जोन्सने १२ कंपन्यांच्या भावांची सरासरी काढली, ती बाजाराचा कल एका आकड्यात कळावा म्हणून. आपल्याकडे सेन्सेक्स १९८६ मध्ये आला आणि निफ्टी १९९६ मध्ये. म्युच्युअल फंड वाढले तसे याच आकड्यांवर फंड व्यवस्थापक तोलले जाऊ लागले.

गफलत इथेच होती. फंडाच्या परताव्यात कंपन्यांकडून मिळालेला लाभांश धरलेला, निर्देशांकात मात्र नुसते भाव. हा फरक वर्षाला सव्वा टक्का धरला तरी चक्रवाढीने २० वर्षांत तो सुमारे २८ टक्क्यांवर जातो, आणि त्यात व्यवस्थापकाचे कर्तृत्व शून्य! सेबीने १ फेब्रुवारी २०१८ पासून लाभांशासहचा निर्देशांक, म्हणजे टीआरआय, सक्तीचा केला. माझ्या मते उशीरच झाला.

पण शेअर, रोखे आणि सोने एकत्र असतील तर एकटा निफ्टी काय कामाचा? अशा वेळी ठरलेल्या प्रमाणात निर्देशांक मिसळून स्वतःचा मानदंड बनवतात. नॉर्वेच्या सरकारी निधीचे उदाहरण यात नमुनेदार आहे. शेअरचा वाटा किती, हे तिथले अर्थखाते ठरवते: १९९८ मध्ये ४० टक्के, पुढे ६०, मग ७०. तंबाखू कंपन्यांसारख्या ज्या कंपन्या नैतिक कारणांवरून वगळल्या, त्या मानदंडातूनही काढल्या जातात. वरून आलेल्या निर्णयाचे श्रेय किंवा खापर व्यवस्थापकाच्या माथी येत नाही. प्रमाण आधी ठरलेले असते, हे महत्त्वाचे. निकाल पाहून मानदंड निवडायचा तर कोणीही जिंकेल.

राहिला प्रश्न पैसे घालण्या-काढण्याच्या तारखांचा. खासगी गुंतवणूक निधींसाठी लाँग आणि निकल्स यांनी १९९६ मध्ये एक पद्धत मांडली: त्याच तारखांना तेवढीच रक्कम निर्देशांकात घातली-काढली असे धरायचे आणि शेवटची शिल्लक पाहायची. एसआयपी करणाऱ्याला ती एक्सेलमध्ये सहज जमते. खोट एकच. पोर्टफोलिओ निर्देशांकाच्या खूप पुढे गेला आणि त्यातून मोठ्या रकमा काढल्या, तर निर्देशांकाचे काल्पनिक खाते उणे होते आणि तुलना तिथेच अडते.