शेवंतीच्या छाट कलमांपासून घरात रोपे कशी वाढवावीत : ग्राहकांसाठी माहिती

आमच्या रोपवाटिकेतून आपण नेलेले शेवंतीचे रोप बियांपासून तयार केलेले नसते. निरोगी मातृरोपाचा कोवळा शेंडा खुडून त्याला मुळ्या आणलेल्या असतात, त्यामुळे फुलाचा रंग, पाकळ्यांची ठेवण आणि फुलण्याचा काळ हे सारे मातृरोपाप्रमाणेच येते. सोलापूरकरांना ही गोष्ट नवी नाही, कारण आपल्या जिल्ह्यातील डाळिंबाच्या बागा कलमांवरच उभ्या राहिल्या, आणि रोगट झाडावर गुटी (फांदीलाच मुळ्या आणून केलेले कलम) बांधली की तेल्या रोगही तिच्याबरोबर नव्या बागेत येतो, हा अनुभवही अनेकांनी महागात घेतला आहे. शेवंतीतही तसेच आहे. कलमाबरोबर मातृरोपाचे गुण येतात, तसे त्याचे रोग आणि त्या वेळची त्याची अवस्थाही येते.

शेवंती घरात का वाढवायची, असे अनेक ग्राहक विचारतात. हिवाळ्यात अंगणात किंवा गच्चीवर ती आनंदाने वाढते. खरा प्रश्न एप्रिल आणि मे महिन्यांचा आहे. पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी पडते आणि जुन्या काश्या (बुडातून येणारे फुटवे) कुंडीतच वाळून जातात. एका खोलीत रॅक, एलईडीच्या पट्ट्या आणि साधा कूलर एवढी सोय केली तर जात टिकते, जूनपर्यंत नवी कलमे तयार होतात आणि फुले कोणत्या महिन्यात हवीत हे बऱ्याच अंशी आपल्या हाती येते. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर खोली थंड करतो आणि हवेत ओलावाही सोडतो, म्हणून या कामासाठी आम्ही एसीपेक्षा कूलरच सुचवतो. खोलीचे तापमान २८ अंशांच्या आत राहिले पाहिजे आणि मुळ्या फुटण्याच्या काळात २० ते २४ अंश असेल तर उत्तम.

कलमासाठी शेंडा निवडताना घाई करू नये. ज्या फांदीवर बारीकशी जरी कळी दिसत असेल ती घेऊ नये, कारण अशा कलमाला मुळ्या उशिरा फुटतात, आणि फुटल्या तरी रोप वितभर वाढण्याआधीच फुलायला लागते. शेंडा बोटांनी वाकवला असता कट्कन मोडला तर तो योग्य कोवळेपणाचा समजावा. नुसता लवून राहिला तर तो जून झालेला आहे. सहा ते सात सेंटिमीटर लांबीचा शेंडा स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने पेऱ्याच्या किंचित खाली कापावा, खालची पाने काढून वर तीन-चार पाने ठेवावीत, कापलेले टोक मुळ्या फुटण्याच्या संजीवकाच्या (आयबीए) पावडरीत जेमतेम टेकवावे आणि जास्तीची पावडर झटकून टाकावी. जाड थर दिला तर मुळ्या लवकर फुटत नाहीत, उलट टोक काळे पडते.

ट्रेमध्ये दोन भाग धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक भाग परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे) भरावे. कोकोपीट धुतलेले असावे हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण त्यातले क्षार कोवळ्या मुळ्यांना सोसत नाहीत. मूठभर घेऊन घट्ट दाबल्यावर बोटांच्या फटींतून एक-दोन थेंबच पडावेत, एवढाच ओलावा पुरे. धार लागली तर ते पसरून ठेवून थोडे सुकू द्यावे. बोअरचे पाणी आपल्याकडे जड असते आणि काही आठवड्यांत कुंडीच्या काठावर पांढरा थर धरते. म्हणून नळाचे पाणी भरून रात्रभर उघडे ठेवून वापरावे. आरओ यंत्रातून जे पाणी बाहेर सोडले जाते ते झाडांना वापरू नये, कारण त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात.

पहिले दहा-बारा दिवस सर्वांत नाजूक असतात, आणि याच काळात अतिकाळजीमुळे सर्वाधिक कलमे दगावतात. कलमाला मुळ्या नसतात, त्यामुळे खालून पाणी घालून ते प्यायला मिळेल अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. पानांतून पाणी उडून जाऊ नये एवढीच त्याची गरज असते. ट्रेवर पारदर्शक झाकण ठेवावे, सकाळी एकदा आतून हलका फवारा मारावा आणि दहा मिनिटे झाकण उघडून हवा बदलू द्यावी. झाकणाच्या आतून बारीक दव दिसले तर सारे ठीक आहे, मात्र पानांवर सतत पाण्याचे थेंब उभे राहत असतील तर बुरशीला आमंत्रण मिळते. या दिवसांत खत अजिबात देऊ नये. आठव्या दिवसापासून झाकण रोज थोडे अधिक उघडत न्यावे. बाराव्या दिवशी एक कलम चिमटीत धरून अलगद वर ओढून पाहावे; हाताला अडकल्यासारखे वाटले तर मुळ्यांनी धरले आहे. साधारण दोन आठवड्यांत एक-दोन सेंटिमीटरच्या पांढऱ्या मुळ्या दिसतात आणि रोप कुंडीत लावण्याजोगे होते.

आता उजेडाविषयी, आणि हा भाग कृपया दोनदा वाचावा. दिवस-रात्रीच्या लांबीवर झाडाचे फुलणे ठरते हे गार्नर आणि अलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० साली प्रथम नीट दाखवून दिले. शेवंती लांब रात्रीचे झाड आहे: दिवस साधारण साडेतेरा तासांपेक्षा लहान झाला की बहुतेक जाती कळ्या धरायला लागतात, जातीनुसार हे थोडे कमी-अधिक असते. सोलापुरात वर्षातला सर्वांत मोठा दिवस जूनमध्ये जेमतेम १३ तास १० मिनिटांचा आणि सर्वांत लहान दिवस डिसेंबरमध्ये ११ तास ५ मिनिटांच्या आसपासचा असतो. म्हणजेच निव्वळ वाढीसाठी लागणारा लांब दिवस आपल्याकडे कोणत्याच महिन्यात मिळत नाही, आणि वर दिवा नसेल तर रोप अंगाने भरण्याआधीच कळीवर येऊ शकते. थंड देशांतल्या पुस्तकांतले वेळापत्रक इथे जसेच्या तसे लागू होत नाही ते यामुळेच.

म्हणून मातृरोपे आणि वाढीची रोपे रोज १६ तास उजेडात ठेवावीत. दोन फूट रुंद आणि चार फूट लांब कप्प्यावर मुळ्या फुटेपर्यंत २० वॅटच्या दोन पांढऱ्या एलईडी पट्ट्या पुरतात. नंतर चार लावाव्यात आणि शेंड्यापासून वीतभर उंचीवर ठेवाव्यात. रोप लांबुळके, फिकट होऊन दिव्याकडे ताणले जात असेल तर उजेड कमी पडतो आहे असे समजावे. कुंडीत लावल्यावर दहा ते चौदा दिवसांनी, सहा-सात पाने झाली की शेंडा खुडावा. त्याने बाजूचे फुटवे येतात आणि फुलांची संख्या वाढते. शेंडा खुडायला मन धजत नाही हे आम्हाला ठाऊक आहे, पण न खुडलेले रोप एका काठीसारखे वाढते. या काळात आठवड्यातून एकदा १९:१९:१९ खत लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात द्यावे.

फुटवे वीतभर झाले की उजेड ११ तासांवर आणावा आणि उरलेले १३ तास सलग, गडद अंधार ठेवावा. सलग हा शब्द महत्त्वाचा आहे. मध्यरात्री काही वेळ लागलेला दिवा झाडाला मोठ्या दिवसासारखाच भासतो आणि कळी येणे लांबते. आमच्याच खोलीत एका हंगामात खिडकीकडच्या दोन ट्रेंमधील रोपे पानांनी गच्च भरूनही कळीवर येईनात. खत बदलले, पाणी बदलले, आणि शेवटी रात्री खोलीत जाऊन उभे राहिल्यावर कळले की रस्त्यावरच्या दिव्याचा पट्टा नेमका त्याच ट्रेंवर पडत होता. खिडकीला काळे कापड लावल्यावर चौथ्या आठवड्यात तिथेही कळ्या दिसल्या. साध्या चकतीच्या टायमरविषयीही सावध राहावे: वीज गेली की तो थांबतो, आल्यावर तेवढ्याच वेळाने मागे चालतो, आणि दोन-चार वेळा वीज गेली की दिवा भलत्याच वेळी लागतो. बॅटरीवर वेळ राखणारा टायमर थोडा महाग पडतो, परंतु तोच घ्यावा.

अंधार सुरू केल्यापासून फुले उमलायला जातीनुसार सात ते दहा आठवडे लागतात. संक्रांतीला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेला घरची फुले हवी असतील तर १० नोव्हेंबरच्या सुमारास अंधार सुरू करावा आणि त्यासाठी कलमे सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लावावीत. दसऱ्याची तारीख दरवर्षी बदलते, तेव्हा त्या दिवसापासून १७ आठवडे मागे मोजून कलमे लावावीत; मात्र ती ऐन उन्हाळ्याच्या शेवटी येतात, म्हणून कूलरची व्यवस्था आधी पाहावी. तापमान सतत ३० अंशांच्या वर राहिले तर अंधार देऊनही कळी रेंगाळते.

बंद खोलीत पाऊस-वारा नसतो, तसे किडींचे शत्रूही नसतात. कोवळ्या शेंड्यांवर मावा, कोरड्या हवेत पानांच्या मागे लाल कोळी आणि फुलांत फुलकिडे येतात. आठवड्यातून एकदा पाने उलटून पाहिली तर सुरुवातीलाच ते सापडतात आणि निंबोळी तेलाच्या फवाऱ्याने भागते. हा फवारा दिवे बंद झाल्यावरच मारावा. पानाच्या मागे फिकट, मेणासारखे फोड आणि वरच्या बाजूस पिवळे ठिपके दिसले तर तो पांढरा तांबेरा असण्याची शक्यता असते. असे रोप ताबडतोब वेगळे करावे आणि त्याच्यापासून कलम कधीही घेऊ नये.

फुले ओसरल्यावर झाड टाकून देऊ नये. ते जमिनीपासून चार बोटे ठेवून छाटावे, पुन्हा १६ तासांच्या उजेडात आणावे. तीन-चार आठवड्यांत बुडातून नव्या काश्या वर येतात आणि त्यांचे शेंडे पुढील कलमांसाठी चालतात. एकच मातृरोप मात्र वर्षानुवर्षे वापरू नये, दरवर्षी जोमदार कलमांतूनच नवी मातृरोपे निवडावीत. रोगाची शंका आल्यास दोन-तीन पाने बंद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आमच्याकडे आणावीत. कुंडी आणू नये, म्हणजे इथल्या रोपांनाही धोका राहणार नाही. पाने पाहून सल्ला देण्याचे आम्ही पैसे घेत नाही.